उस्मानचाचांची खेच

आमच्या गल्लीत रहदारी थांबवायचा अधिकार दोनच गोष्टींना होता. एक मयत आणि दुसरी उस्मानचाचांची खेच. मयतीला लोक बाजूला होत, खेचेला हातातलं काम टाकून मदतीला येत, एवढाच काय तो फरक.

हे मला गल्लीत राहायला आलो त्याच आठवड्यात कळलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा नगरकडचा. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत नोकरी लागली होती आणि जुन्या गावातल्या मण्यारांच्या, म्हणजे बांगडीवाल्यांच्या, गल्लीत रंगनाथअण्णा शिंप्यांच्या घरावरची खोली भाड्याने घेतली होती. दिवसभर सरकीच्या धुळीत उभा राहून, घसा खरवडत सायकलवरून परत आलो तर गल्लीच्या तोंडाशी बाज आडवी टाकलेली. बाजेवर एक म्हातारी पान लावत बसलेली. आत जायचंय म्हटलं तर मान वर न करता म्हणाली, ‘‘खेच हय.’’ कसली खेच, म्हणून विचारलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सायकलवरून खाली उतरलो. माझा स्वभाव तसा तापट. पण म्हातारीपुढे आणि बाजेपुढे कोण तापणार?

म्हणून बाजेवरून डोकावून बघितलं. गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून मोकळी केलेली. शेळ्या आत, सायकली आत, वाळत घातलेल्या कुरडयासुद्धा आत. मधोमध लाकडी फळ्या एका ओळीत मांडलेल्या. एका टोकाला, भट्टी असलेल्या दारात, पांढऱ्या दाढीचा एक उंच माणूस हातात लांब लोखंडी सळई धरून उभा. सळईच्या टोकाला लालबुंद काचेचा गोळा. त्या गोळ्याला दुसऱ्या बाजूने दुसरी सळई चिकटवून एक बुटकी, गोल बाई उभी. माणसाने ‘‘चल’’ म्हटलं आणि ती बाई उलट्या पावलांनी मागे चालायला लागली. दोघांच्या मध्ये तो गोळा ताणला जात काचेची दोरी होत निघाला. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बायका ताडाचे पंखे घेऊन उतरल्या आणि जिथे दोरी जास्त बारीक होईल तिथे वारा घालू लागल्या. वारा लागला की काच तिथल्या तिथे थबके आणि मागची, अजून गरम असलेली काच ताणली जाई. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. बाई मागे न बघता, एका चालीने, नालीवरची फरशी चुकवून, खांब चुकवून थेट माझ्या बाजेपर्यंत आली आणि थांबली. दोघांनी ती दोरी अलगद फळ्यांवर टेकवली. मग कुठे म्हातारीने बाज उचलली.

ते उस्मानचाचा आणि त्या हलीमाचाची.

मी रागाने विचारलं, की एवढं सगळं एका काचेच्या काठीसाठी? चाचा रागावले नाहीत. त्यांनी थंड झालेल्या कांडीच्या टोकाचा एक तुकडा पक्कडीने कटकन तोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढी चकती. तिच्यात निळ्या पाकळ्यांचं, पिवळ्या मध्याचं, पांढऱ्या काठाचं एक फूल होतं. त्यांनी दुसरा तुकडा तोडला, त्यातही तेच फूल. तिसरा तोडला, तेच. ‘‘पूरी गल्लीभर फूल हय,’’ म्हणाले, ‘‘कुठंबी कापा.’’ माझा राग तिथेच उतरला. त्यानंतर खेचेच्या दिवशी मीही हातपंखा घेऊन उतरायला लागलो.

चाचांचं घराणं बांगड्या विकणाऱ्यांचं. तरुणपणी फिरोजाबादेला माल आणायला म्हणून गेले आणि तिथे एका उस्तादाच्या भट्टीपुढे जे बसले ते काही वर्षं उठलेच नाहीत. परत आले ते हे कसब घेऊन. रंगीत काचेच्या बारीक कांड्या फिरोजाबादहून पेंढ्यात बांधून येत. चाचा त्या कांड्या उभ्या रचून मनगटाएवढी मोळी बांधत. मोळीकडे वरून पाहिलं की फूल दिसे. ती मोळी भट्टीत हळूहळू तापवायची, कांड्या एकजीव झाल्या की खेचायची. मोळी जेवढी ताणाल तेवढं आतलं फूल लहान होत जातं, पण पाकळी हलत नाही. त्याच्या चकत्या करून चाचा मणी, पदकं, गुंड्या बनवत. राजूरच्या जत्रेतल्या दुकानांत त्यांचा माल जाई. पोळ्याच्या आधी बैलांच्या गळ्यातल्या मण्यांसाठी खेड्यापाड्यांतून माणसं येत. बैलाला काय कळतं, असं मी एकदा म्हणालो. ‘‘बैलाला न्हाई कळत,’’ चाचा म्हणाले, ‘‘शेजारच्या बैलवाल्याला कळतं.’’

आमच्याशी ते मराठी बोलत, घरात उर्दू आणि काचेशी दोन्ही. काच त्यांच्या लेखी बाई होती. ती तापत नसे, ‘राजी होई’. ती तुटत नसे, ‘रुसे’. भट्टीतून ताड असा आवाज आला की आपण समजावं मोळी तडकली, पण चाचा हळहळून म्हणत, ‘‘रुसली. जल्दी केली मी.’’ चूक नेहमी त्यांची, काचेची कधीच नाही. हा उदारपणा माणसांच्या बाबतीत, विशेषतः चाचींच्या बाबतीत, तितकासा चालत नसे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

जगातली प्रत्येक वस्तू आडवी कापली की तिच्या आत काहीतरी असणार, हा त्यांचा पक्का विश्वास. बाजारात गेले की मुळा, काकडी, केळीचा दांडा, जे दिसेल ते विकणाऱ्याकडून कापून घेत आणि चकती उन्हाला धरून बघत. भाजीवाल्या त्यांना ओळखून होत्या, एखादी किडकी काकडी त्यांच्यासाठी बाजूला ठेवत. एकदा ते माझ्या खोलीवर आले तेव्हा मी स्वयंपाकाच्या नादात भेंडी उभी चिरत होतो. दारातच थबकले. हातातली सुरी काढून घेत म्हणाले, ‘‘बियाणेभाऊ, हे काय करून राह्यले? आतलं फूल मारलं ना तुम्ही.’’ मग त्यांनी उरलेली सगळी भेंडी आडवी चिरली, प्रत्येक चकतीतली चांदणी मला दाखवली, आणि अर्धा तास त्यात गेल्यामुळे आम्ही दोघांनी चटणीशी भाकरी खाल्ली. तेव्हापासून माझ्या घरात भेंडी उभी चिरायची हिंमत कुणी केलेली नाही. बायकोने सुरुवातीला केली होती. तिला ही गोष्ट सांगितली, तीही आता आडवीच चिरते.

त्यांना एकदा मी एमआयडीसीत घेऊन गेलो. आमच्या कंपनीच्या पलीकडे लोखंडाच्या सळया लाटण्याची एक मिल होती आणि तिथला फोरमन माझ्या ओळखीचा होता. लालभडक ठोकळा एका बाजूने रुळांत शिरतो आणि लांबच लांब सळई होऊन सापासारखा दुसऱ्या बाजूने पळत सुटतो, हे बघून चाचांचे डोळे लहान मुलासारखे झाले. टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता खूश झाले. मग त्यांनी फोरमनला अदबीने विचारलं, की आत काय टाकता?

फोरमनला प्रश्न कळला नाही. लोखंडच असतं, म्हणाला.

‘‘मधी बी लोखंडच?’’

मधी बी लोखंडच.

चाचांना मनापासून वाईट वाटलं. परत येताना सायकलच्या कॅरिअरवर बसून ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘‘एवढी आग! एवढी लांब खेच! आन् आत फूल न्हाई, बियाणेभाऊ.’’ त्यांच्या मते त्या मिलमालकाला कुणीतरी हे नीट समजावून सांगायला हवं होतं.

चाचा आणि चाचींचं जमे का? जमे. रोज भांडून जमे. चाची बोलायला फटकळ, चाचा ऐकून न ऐकल्यासारखे. पण भट्टी पेटली की दोघांची चाल एक. भांडण किती जोराचं आहे ते गल्ली कांडीवरून ओळखे. कांडी सरळसोट आली तर सगळं आलबेल. मध्येच जाड, मध्येच बारीक आली तर सकाळी काहीतरी वाजलंय. आणि एक रीत होती त्यांच्यात. कांडी थंड झाली की चकत्या करायच्या त्या चाचींच्या टोकाकडून. पहिली चकती त्यांची. चाचांचं म्हणणं, की मी तर उभा असतो, उलटं चालायची जोखीम तिची, मग पहिलं फूल तिचंच. चाचींकडे अशा पहिल्या चकत्यांची एक बरणी भरलेली होती. भांडण झालं की त्या ती बरणी घेऊन ओट्यावर येऊन बसत आणि आतल्या चकत्या निवडत, म्हणजे त्या क्षणी नवऱ्याशी बोलायचं नाही हे सगळ्यांना कळे.

आता मंगलची गोष्ट. मंगल ही रंगनाथअण्णांची आणि गोदाकाकूंची एकुलती एक मुलगी. अण्णांचं आणि चाचांचं दार समोरासमोर, त्यामुळे ती दोन्ही घरांत सारखीच वाढली. चाचांना मूल नव्हतं. फ्रॉक घालायची तेव्हापासून खेचेला पंखा घेऊन सगळ्यांत पुढे तीच. कधीतरी त्या वयात तिने विचारलं होतं, की माझ्या लग्नात तुम्ही काय देणार? चाचांनी सांगितलं, तुझ्या लग्नात जेवढ्या बाया येतील तेवढ्यांच्या ओटीत माझ्या हातचं काहीतरी पडेल. मुलगी विसरली नाही आणि चाचाही विसरले नाहीत. तिचं लग्न ठरलं धावड्याच्या एका शेतकरी घरात, लग्न लागणार राजूरला गणपतीच्या दारात. अण्णा अजून आमंत्रणाचा विचार करत होते तेव्हा चाचांनी भट्टी साफ करायला घेतली होती.

फूल द्या चाचा, फुलं सुंदरच असतात तुमची, असं सगळेच म्हणाले. चाचांनी ऐकलं नाही. राजूरला लग्न, तर ओटीत सुपारीएवढा गणपतीच पाहिजे, शेंदरी अंगाचा, पिवळ्या मुकुटाचा. त्यांच्या उस्तादाने त्यांना बजावलं होतं, फूल काढ, सूरत काढू नकोस. फुलाला पुढचं-मागचं नसतं, चेहऱ्याला असतं. उभ्या आयुष्यात चाचांनी ते पाळलं होतं. या एका पोरीसाठी मोडायचं ठरवलं. मशिदीतल्या एका ओळखीच्याने हटकलं तर म्हणाले, बेटीचं लगन हय भाई, तिच्या घरचं जे हय ते तिला देतो.

गोदाकाकूंच्या देव्हाऱ्यातली तसबीर मागून आणून त्यांनी ती समोर ठेवली आणि बरहुकूम कांड्या रचल्या. आठवडाभर भट्टीत, भट्टीबाहेर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. खेच झाली, अप्रतिम झाली. रिवाजाप्रमाणे चाचींच्या टोकाकडून चकत्या कापल्या. चाचींनी पहिली चकती हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, की हा तसबिरीवाणी दिसत नाही. चाचा दमलेले होते, खूशही होते, आणि खुशीत माणूस कुणाचं ऐकत नाही. ओट्यावर बसलेल्या दहाजणांसमोर बोलून गेले, ‘‘उलटं चालून चालून तुला सगळं उलटंच दिसून राह्यलं.’’

चाची तडक आत गेल्या. बरणी घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. पण त्या दिवशी गल्लीने तिकडे लक्ष दिलं नाही, आम्ही सगळे गणपती बघण्यात दंग होतो.

चाचांनी नेहमीच्या निगुतीने कामाला लागून सगळ्या चकत्या एकाच तोंडाने मांडल्या, पाठीला पांढरी काच लावून पुन्हा भट्टीत पक्क्या केल्या, आणि लग्नाला थोडेच दिवस उरले असताना परातीत भरून गोदाकाकूंपुढे नेऊन ठेवल्या. काकूंचा चेहरा आधी उजळला. मग त्यांनी एक हातात घेतला, दुसरा घेतला, परात उन्हात ओढली. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर होतो. काकू हळूच म्हणाल्या, ‘‘चाचा, हे समदे उजव्या सोंडेचे हाएत.’’

चाचांना काही कळलं नाही. सोंड आहे ना, म्हणाले. मग काकूंनी जड मनाने समजावून सांगितलं, की उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळं पाळावं लागतं, कुणाच्या ओटीत तो असा घालता येत नाही. एखाद्या बाईला झेपलं नाही तर ती आम्हाला बोल लावेल, आणि मुलीची सासरी पहिलीच वेळ. चाचांनी तसबीर मागवली. सोंड डावीकडे. परातीत सोंड उजवीकडे. सगळ्यांची. एकही चुकला नव्हता, म्हणजेच सगळे चुकले होते.

मग त्यांच्या ध्यानात आलं. तसबीर त्यांनी आपल्या टोकाकडून बघून रचली होती आणि चकत्या कापल्या होत्या चाचींच्या टोकाकडून. कांडी तीच, पण तिकडून बघणाऱ्याला देव तोंड फिरवून दिसणार. चकती नुसती पालथी करून लावली असती तरी भागलं असतं. आता पाठीला काच पक्की झाली होती. चाचींनी हे पहिल्याच चकतीच्या वेळी सांगितलं होतं.

अण्णा भला माणूस. म्हणाले, राहू द्या, नारळ देऊ, तुम्ही एवढं केलं त्यातच सगळं आलं. मंगल पाठ फिरवून आत गेली. चाचा तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत उभे राहिले. ‘‘मी दुसरे करतो,’’ म्हणाले, आणि परात उचलून घरी गेले. त्या नाकारलेल्या परातीतला एक गणपती आजही माझ्या टेबलावर आहे. मी सोवळं पाळत नाही. त्याने अजून तरी काही म्हटलेलं नाही.

दुसरे करतो म्हणणं सोपं. मोळी रचायला दोन दिवस, ती चाचांनी जेवणखाण सोडून रचली. पण खेचायची कुणाबरोबर? चाची ओट्यावर, मांडीवर बरणी. चाचा बाहेर आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते हवापाण्याबद्दल बोलले. चाचींनी चकत्या निवडणं चालू ठेवलं. मग गोदाकाकू जाऊन बसल्या, पानवाली म्हातारी जाऊन बसली, शेवटी मंगलच जाऊन बसली आणि चाचींच्या खांद्यावर डोकं टेकून तिने काहीही मागितलं नाही. त्याने काम झालं. चाची उठल्या आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी अट घातली.

‘‘मी येते. पर आज भट्टीकून मी उभी राहीन. उलटं तुम्ही चाला.’’

गल्लीत असं हसू उठलं की शेळ्यासुद्धा ओरडायला लागल्या. चाचांनी आभाळाकडे बघितलं, दाढीवरून हात फिरवला आणि टोपी नीट केली. ‘‘चलतो,’’ म्हणाले.

ती खेच जालन्याच्या इतिहासात नोंदवायला हवी होती. चाचींनी सळई धरली ती अशी, जणू सगळा जन्म त्याच जागी उभ्या होत्या. आणि ज्या माणसाच्या नुसत्या ‘चल’वर सगळी गल्ली चाले, तो माणूस पाठीमागे काय आहे ते न कळून घाबरून गेला. तिकडून चाचींचा आवाज, ‘‘आहिस्ता. एवढी जल्दी कुठं हय?’’ दोन्ही ओट्यांवरून सूचना. चाचा डावीकडं. चाचा, नाली हय. खांब हय चाचा, खांब. आम्ही पंखे हलवत होतो आणि हसूही आवरत होतो, त्यामुळे वारा नको तिथे जात होता. गल्लीच्या मध्यावरच्या एका पायरीशी ते अडखळले. सगळ्यांचे पंखे थांबले. मी आणि अण्णांनी मागून दोन्ही काखांत हात घालून त्यांना सावरलं आणि तसंच धरून शेवटपर्यंत मागे नेलं. काच तुटली नाही. फळीवर टेकवली तेव्हा त्या पायरीपाशी तिला थोडा बाक आला होता, बाकी सगळी सरळ. चाचा घामाने निथळत मटकन खाली बसले. चाची गल्लीभर चालत त्यांच्यापर्यंत आल्या, पक्कडीने त्यांच्या टोकाची चकती तोडली आणि त्यांच्या हातावर ठेवली. उलटं जो चालला, पहिली त्याची. चाचांनी ती घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘लय कठीण काम हय हे.’’ याहून जास्त माफी त्या गल्लीत कुणी कुणाची मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

पाठीला काच लावायला आता दिवस उरले नव्हते. तापवायचं, मग भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचं, यात लग्न निघून गेलं असतं. म्हणून चकत्या जाड कापल्या आणि तशाच, उघड्या, द्यायचं ठरलं. गल्लीतल्या बायकांनी ओल्या रेतीने फरशीवर त्या दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत केल्या. पायरीजवळच्या बाकातले गणपती किंचित कललेले निघाले. ते काकूंनी वेगळे काढले नाहीत.

राजूरला लग्नाच्या दिवशी मात्र नवाच पेच उभा राहिला. ओट्या भरायच्या वेळी काकूंनी चकती हातात घेतली, सहज उलटी केली आणि त्यांचा हात थांबला. इकडून डावी सोंड, तिकडून उजवी. पाठ बंद नव्हती, तर दुसरं काय होणार? बायकांत कुजबुज सुरू झाली. नवऱ्या मुलाची आत्या, जिला धावड्याचं अर्धं गाव घाबरायचं म्हणे, पुढे आली आणि तिने चकती मागून घेतली. चाचा चपलांच्या ढिगाजवळ भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांच्या हातात टोपी होती. मंगल मुंडावळ्यांच्या आडून आत्याकडे बघत होती. मला त्या वेळी आत्याचा मनस्वी राग आला, अजून ती काहीच बोलली नसताना.

आत्याने इकडून बघितलं. तिकडून बघितलं. उन्हात धरून बघितलं. कुणी केलं म्हणून विचारलं. सगळ्यांनी चपलांकडे बोट दाखवलं.

‘‘लय बेस केलं,’’ आत्या म्हणाली. ‘‘माझ्या घरात दोन सुना हाएत, समोरासमोर बसत्यात. आता एकीलाबी म्हणता यायचं न्हाई की देव माझ्याकडं बघत न्हाई.’’ आणि तिने ती चकती पदराच्या गाठीत बांधली. मग कोण कशाला थांबतं. परात बघता बघता रिकामी झाली. एका बाईला कललेला गणपती मिळाला, तो बदलून देऊ म्हटलं तर तिने साफ नकार दिला. आपलं ऐकायला कान पुढे केलाय त्याने, असं तिचं म्हणणं पडलं. चाचा तिथल्या तिथे भिंतीला घसरून खाली बसले आणि हसायला लागले. चाचींनी त्यांना पाणी आणून दिलं.

माझी बदली झाली होती आणि राजूरहून मी परस्पर नव्या गावाला निघणार होतो. जालना सुटलं ते सुटलंच, मग पुन्हा जाणं झालं नाही. त्यामुळे चाचांना मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशीच, संध्याकाळी, मंगलला निरोप देताना. जीप चालू झाली होती. गोदाकाकू रडत होत्या, अण्णा कुणाचीतरी पिशवी शोधत असल्याचं नाटक करत होते. चाचा जीपच्या बाजूला काचेपाशी उभे होते. मंगलने ओटीतली चकती काढली आणि आतून जीपच्या काचेवर टेकवून धरली. तिच्या बाजूला एक तोंड, चाचांच्या बाजूला दुसरं.

‘‘चाचा,’’ ती आतून ओरडली, ‘‘तुमच्याकून कसा दिसतो?’’

चाचांचे डोळे भरून आले होते, त्यांना चकतीच काय, जीपसुद्धा दिसत नसावी.

‘‘बराबर दिसतो, बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘बिलकुल बराबर.’’